हवा : मोजली नाही

शनिवारी सकाळपासून चौथ्यांदा लाइट गेली, कुलर घरघरत थांबला, आणि दीपाने लॅपटॉपवरचे हात उचलून मनातल्या मनात तिघांना शिव्या घातल्या. पहिली लाइटला. दुसरी त्या अनोळखी माणसाला, ज्याला ती तीन आठवड्यांपासून ‘दुसरा परीक्षक’ म्हणत होती. आणि तिसरी, जरा जीभ चावून, स्वतःच्या बापाला. कारण डोमाजी दाराशी खुर्ची टाकून बसले होते आणि कुलरचा आवाज बंद होताच त्यांनी विचारलं, “मंग मोजली का तुनं थे हवा?”

हा प्रश्न काल संध्याकाळी ती पुण्याहून वणीला येऊन उतरली तेव्हा झाला होता. जेवताना झाला होता. सकाळी चहाबरोबर पुन्हा झाला होता.

“बाबा, मी सांगतलं ना तुमाले. थे मोजता येत नाही. लय दूर हाय थे.”

“दूर हाय तं तिथं हवा हाय, हे कोणं सांगतलं?”

“मी सांगतलं.”

“कशावरून?”

इथे आलं की दीपाच्या कपाळाची शीर उडायला लागायची. सगळ्या वणीत तिच्या कामाबद्दल लोक दोनच प्रश्न विचारत होते, तिथे पाणी आहे का आणि तिथे माणूस राहील का. त्या दोन्हींना ‘नाही’ म्हणून सुटका व्हायची. तिच्या बापानेच तेवढा तिसरा प्रश्न शोधून काढला होता.

दीपा पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होती आणि तिचा जीव एका ग्रहात अडकला होता. ग्रह पृथ्वीसारखाच दगडाचा, पण आपल्या लहानशा तांबड्या ताऱ्याला इतका चिकटून फिरणारा, की त्याचं वर्ष आपल्या चौदा तासांत संपायचं. त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे. तिकडे न संपणारी दुपार, मागच्या बाजूला न संपणारी रात्र. अंतराळातल्या एका मोठ्या दुर्बिणीने एवढंच मोजलं होतं की दुपारची बाजू सातशे पासष्ट अंशांवर तापलेली आहे, चूकभूल पंचवीस अंशांची. हिशेब मात्र सांगत होता की नुसता काळा, उघडा दगड असता तर तो आठशे तीसवर जायला हवा होता. मग मधले पासष्ट अंश गेले कुठे? दीपाचं उत्तर होतं की वारा घेऊन गेला. ग्रहावर हवा आहे, तिचा वारा दुपारकडून रात्रीकडे वाहतो आणि जाताना उष्णता सोबत नेतो.

हा वारा तिने दीड वर्ष संगणकावर वाहवला होता. मॉडेल कधी आपल्या आतल्या हिशेबाचे दोनशे दिवस चालून कोसळायचं, कधी रात्रीच्या बाजूला हवाच गोठून खाली पडायची, कधी वारा उलटा वाहायचा आणि दोन आठवडे शोधल्यावर कळायचं की एका उणे चिन्हाने घात केला. शेवटी एका सकाळी आकडा आला सातशे अडुसष्ट. त्या दिवशी ती संस्थेच्या गच्चीवर जाऊन एकटीच हसली होती. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण याच हवेवर उभं होतं, आणि त्यावरचा शोधनिबंध, म्हणजे पेपर, एका नियतकालिकाकडे गेला होता. छापण्याआधी तो दोन निनावी परीक्षक तपासणार होते.

पहिल्या परीक्षकाने काम छान आहे म्हणून कळवलं. दुसऱ्याने एकच ओळ लिहिली. पृष्ठभाग अखंड खडकाचा नसून बारीक भुकटीचा असेल, तर हवेची गरज उरते का?

झालं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं, आणि दीपाने दोन पानांचं उत्तर लिहून ठेवलंही होतं. दातओठ खाऊन लिहिलेलं, पण भाषा साजूक तुपातली. हा प्रश्न का गैरलागू आहे हे तिने त्यात सात मुद्द्यांत सांगितलं होतं. फक्त एक गोष्ट केली नव्हती. भुकटीचा आकडा घालून हवेशिवायचा हिशेब करून पाहिला नव्हता. त्याला मोठं मॉडेलही लागत नव्हतं, दहा मिनिटांचं काम. ती स्वतःला सांगत होती की असल्या फालतू शंकेसाठी दहा मिनिटं तरी का घालवायची. खरं म्हणजे ती घाबरली होती, आणि हे तिला ठाऊक होतं, आणि त्यामुळे तिची चिडचिड दुप्पट होत होती.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास म्हणतात तसं उद्या सकाळी दहाला विहारात तिचा सत्कार होता. पेपर पाठवल्याची बातमी तिने हौसेने थोरल्या भावाला, प्रफुल्लला सांगितली. प्रफुल्लने ती मित्राला सांगितली, मित्राने पेपरवाल्याला, आणि छापून आलं, ‘वणीच्या लेकीने शोधली दुसऱ्या जगाची हवा’. मग महिला मंडळाच्या जयाताई घरी येऊन बसल्या. तारीख ठरवूनच उठल्या. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर दीपाचा दहावीतला फोटो होता आणि मागे ग्रह म्हणून शनी, कड्यासकट.

“कशावरून?” डोमाजींनी पुन्हा विचारलं.

“गरमी कमी भरली म्हणून. जेवढी पाहिजे तेवढी नाही. म्हणजे वारा घेऊन जाऊन राह्यला.”

“म्हणजे हवा नाही मोजली तुनं. गरमी मोजली.”

“हो.”

“गरमी कमी असाचं दुसरं काही कारण?”

दीपाने वळून बापाकडे पाहिलं. अंगात बनियन, मांडीवर वर्तमानपत्र, चेहऱ्यावर कसलाही खवचटपणा नाही. एक परीक्षक कुठल्या देशात बसला होता देव जाणे, आणि दुसरा हा इथे दाराशी. दोघांचा प्रश्न अक्षरशः एकच. तिला रडावं की हसावं कळेना, म्हणून ती ओरडली. “बाबा, तुमी खाणीत हवा मोजत होते. हे खाण नोहे.”

“नाही, तसं नाही,” डोमाजी शांतपणे म्हणाले. “मी आपलं विचारून राह्यलो.”

डोमाजी एकतीस वर्षं जमिनीखाली हवा मोजत होते. जुन्या भूमिगत खाणीत वरचा भलामोठा पंखा हवा खेचायचा, आणि ती खालच्या गल्ल्यांतून नीट फिरते की नाही हे पाहायचं काम त्यांचं. हातात पात्यांचं छोटं यंत्र. ठरलेल्या जागी उभं राहायचं, पातं किती फिरतं ते पाहायचं, आणि भिंतीवरच्या काळ्या पाटीवर खडूने लिहायचं. तारीख, हवा किती, खाली सही. एखाद्या दिवशी यंत्र बिघडलं किंवा तिथवर जाता आलं नाही, तर कालचा आकडा उतरवायचा नाही. ‘मोजली नाही’ असं लिहायचं आणि त्याच्याही खाली सही करायची. निवृत्त झाले तेव्हा लोकांनी घड्याळं, बॅगा घरी आणल्या. डोमाजींनी एक टाकून दिलेली पाटी आणली. ती कुलरच्या वर टांगली होती, आणि रोज सकाळी ते तिच्यावर घरातलं तापमान लिहायचे, सहीसकट. लग्नाकार्याला चार दिवस उमरखेडला जाऊन आले, तर आल्यावर चारही तारखा घालून समोर ‘मोजले नाही’ लिहायचे. “माणसायची तं सोडा, थर्मामीटरची बी गैरहजेरी लावते हा माणूस,” असं दीपाची आई, प्रभावतीबाई, ज्याला त्याला सांगायच्या.

आताही त्या स्वयंपाकघरातून ओरडल्या, “काहून तिच्या डोक्याशी लागले? करू द्या तिले तिचं काम.”

“करू दे ना. लाइन गेली म्हणून बोललो,” डोमाजी म्हणाले. मग पेपराची घडी घालत, “अकरा नंबरच्या गल्लीत असंच झालतं. सांगतलं का मी तुले कधी?”

सांगितलं होतं. पन्नासदा. पण लाइट नव्हती, आणि पळायला जागा नव्हती.

“फुलचंदची गँग होती आतमंदी, सात जण. बाहेर गरमीनं जीव चालला, आन् थे गल्ली मस्त थंडगार. फुलचंद म्हणे, डोमाजी, आज हवा एक नंबर हाय, लिहून टाक आन् जाय. मले बी थंड लागलं. पण पातं धरलं, तं पातं फिरे ना. मंग भितीले हात लावला. पाणी पाझरून राह्यलं होतं वरतून. थंडी पाण्याची होती. हवा नव्हतीच.”

“मंग तुमी सगळ्यायले बाहेर काढलं,” दीपा म्हणाली, “आन् फुलचंदकाकानं तुमाले शिव्या देल्ल्या.”

“माय-बहिणीवरून. साहेब बी बोलले. पाळी बुडाली ना पुरी.”

“आन् झालं तं काहीच नाही.”

“नाही झालं,” डोमाजींनी मान्य केलं. “म्हणून तं फुलचंद अजून बोलून राह्यला.”

दीपाने हात जोडले. तेवढ्यात प्रफुल्ल जेवायला आला आणि तिची ही दशा पाहून म्हणाला, “चाल माह्यासंगं. आमच्या काट्यावर जनरेटर हाय, नेट हाय. तिथं बस.”

प्रफुल्ल गावाबाहेरच्या गिट्टीच्या क्रशरवर काटा सांभाळायचा, म्हणजे भरलेले ट्रक वजन करून सोडायचा. डोळे बारीक करून, ओढणी तोंडाला बांधून दीपा त्याच्या मोटरसायकलवर मागे बसली. काट्याच्या केबिनला दोन खिडक्या होत्या आणि एक टेबल. प्रफुल्लने तिला खुर्ची पुसून दिली आणि तो ट्रकवाल्यांशी हुज्जत घालायला बाहेर गेला.

तिने दोन पानांचं उत्तर उघडलं. पहिला मुद्दा वाचला. बाहेर खडखडाट एवढा की वाक्य पूर्ण होईपर्यंत त्याची सुरुवात विसरायला व्हायची. दुसऱ्या मुद्द्यावर तिने बोट ठेवलं तेव्हा बोटाखाली काहीतरी खरखरलं. की-बोर्डवर पांढरट पूड बसली होती. तिने फुंकर मारली. पाच मिनिटांत पुन्हा बसली. लॅपटॉप काळा होता म्हणून जास्तच दिसत होती. तिने वैतागून ओढणीने पुसलं, खिडकी ओढून घेतली, आणि ओढताना बाहेर पाहिलं.

बाहेर एक टिप्पर क्रशरच्या तोंडात दगड ओतत होता. काळा कुळकुळीत पाषाण, एकेक धोंडा म्हशीच्या डोक्याएवढा. आणि त्या क्रशरच्या चहूबाजूला जे काही होतं ते सगळं पांढुरकं होतं. कडुनिंब पांढुरका, पत्रे पांढुरके, चुरीचा ढीग पांढुरका, ढिगाच्या सावलीत झोपलेलं कुत्रंही. वर काळा दगड पडत होता आणि खाली राखेच्या रंगाची भुकटी येत होती.

दीपा खिडकीशी उभीच राहिली. शाळेची सहा वर्षं ती याच रस्त्याने गेली होती. बसच्या खिडकीतून हेच झाड पाहत, याच धुळीला नावं ठेवत. मॉडेलच्या फाइलीत ‘पृष्ठभाग’ नावाचा एक रकाना होता. दीड वर्षापूर्वी तिने तिथे काळा पाषाण भरला होता, शंभरातला दहा भाग उजेड परत फेकणारा, आणि त्यावर दहा सेकंदही विचार केला नव्हता. काय करायचा विचार? दगड काळाच असतो. विहिरीचा काळा, घराच्या पायव्याचा काळा, विहाराच्या पायऱ्यांचा काळा. कोकणातली पोरगी असती तर तिने लाल जांभा तरी आठवला असता आणि एकदा तक्ता उघडून पाहिला असता. वणीच्या पोरीने तक्ता उघडला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि तोही पार दुसऱ्या ताऱ्यापर्यंत.

ती खुर्चीवर बसली. तक्ता उघडला. दळलेल्या पाषाणाची भुकटी शंभरातला पंचवीस ते तीस भाग उजेड परत फेकते, म्हणजे तेवढी कमी तापते. तिने रकान्यात तीस घातले आणि हवेचा रकाना रिकामा केला. वारा नाही, काही नाही. नुसता ग्रह आणि त्यावर चुरी.

सातशे त्रेसष्ट.

तिने पंचवीस घालून पाहिले. सातशे एक्याऐंशी. तेही चूकभुलीच्या आत. म्हणजे दीड वर्ष तिने जे वादळ वाहवलं, त्याच्याशिवायही सगळं जमत होतं. तिला आधी आला तो संताप. दुसऱ्या परीक्षकाचा, बापाचा, त्या पांढऱ्या कुत्र्याचा. तो वारा तिने आकड्याआकड्याने उभा केला होता. तो रात्रीच्या बाजूला कुठे वळतो, कुठे मंदावतो, हे तिला आपल्या घरातल्या कुलरच्या झोतापेक्षा जास्त माहीत होतं.

एक काडी उरली होती, तिने तीही धरली. असल्या ग्रहावरची भुकटी ताऱ्याच्या माऱ्याने हळूहळू काळी पडते. तिच्या सात मुद्द्यांतला हा सगळ्यात मजबूत. घरी आल्यावर ती मुद्दामच, आज पहिल्यांदा आपणहून, बापाला म्हणाली, “पांढरी पूड हाय समजा. उन्हानं काळी पडते थे. मंग?”

डोमाजी खूश झाले. “पडतेच. आमी खाणीत कोळशाच्या भुकटीले आग लागू नये म्हणून भितीवर दगडाची पांढरी पूड मारत होतो. आठ दिवसांत काळी.”

“पाहा,” दीपा म्हणाली.

“मंग पुन्हा मारत होतो. तिथं नवी पूड टाकाले कोणी हाय का नाही, हे माहीत हाय तुले?”

माहीत नव्हतं. ज्वालामुखी असतील तर होतं कोणी. नसतील तर नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी तिने तिच्या सरांना फोन केला. सर समजूतदार होते, आणि तेच वाईट झालं. “घाबरू नकोस,” ते म्हणाले. “शेवटच्या परिच्छेदात एक ओळ टाक. इतर शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाहीत. शीर्षक तेच राहू दे. सगळे असंच लिहितात.” मग म्हणाले, “पण पेपर तुझा आहे. तू ठरव.” दीपाने फोन ठेवला. सरांचं खोटं नव्हतं, सगळे असंच लिहितात. एक ओळ शेवटी घातली की पेपर वाचतो, प्रकरण वाचतं, उद्याचा सत्कार वाचतो, आणि कोणाचं काही बिघडत नाही. ग्रह तर तक्रार करायला येणार नव्हता. तिने ती ओळ टाइप करूनही पाहिली. छान दिसत होती.

रविवारी विहारात दोन कुलर लावले होते आणि दोन्ही जयाताईंच्या दिशेने वळवलेले होते, कारण सूत्रसंचालन त्यांच्याकडे होतं. बुद्धाच्या मूर्तीला आणि बाबासाहेबांच्या फोटोला हार झाले, त्रिशरण-पंचशील झालं, जयाताईंनी दीपाची ओळख करून दिली. ओळखीत ग्रहाचं अंतर त्यांनी प्रकाशवर्षांऐवजी किलोमीटरमध्ये सांगितलं, आणि वणीपासून नागपूरला जाऊन येण्यापेक्षा थोडंच जास्त केलं. शाल आली. मग मोमेंटो आला. काचेचा, त्यात सोनेरी अक्षरांत ‘परग्रहावरील वायुमंडळाच्या संशोधिका कु. दीपा’. टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत तिची आई पदराने डोळे पुसत होती. तिच्या बाजूला डोमाजी, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, ताठ. मागच्या रांगेत फुलचंदकाका, काठीवर हनुवटी टेकून.

दीपा माइकपाशी गेली. भाषण तिने लिहून आणलं होतं. आईवडिलांचे आभार, समाजाचे आभार, शिक्षणाचं महत्त्व. ते वाचायला तिने कागद उघडला आणि हातातला मोमेंटो टेबलावर ठेवताना अक्षरं पुन्हा दिसली. त्या अक्षरांखाली सही नव्हती. पण सही कोणाची धरली जाणार, हे सगळ्या सभागृहाला माहीत होतं.

“जयभीम,” ती म्हणाली. “मले एक सांगायचं हाय. मी म्हटलं होतं का त्या ग्रहावर हवा हाय. पेपरात बी तेच छापून आलं. काल मी पुन्हा हिशोब केला. तिथं हवा असू शकते. आन् नुसती आपल्या क्रशरवर उडते तशी पूड बी असू शकते. मी जे पाह्यलं, त्याच्यावरून दोन्ही सारखंच दिसते. म्हणून हवा हाय का नाही, हे मले माहीत नाही.”

मग एक खुर्ची सरकली. कोणीतरी बाजूच्याला विचारलं, काय म्हणे? जयाताई माइकपासून फूटभरावर उभ्या होत्या, आणि माइक चालू आहे हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. “अवं बाई,” त्या म्हणाल्या, “हे तुले काल सांगता नव्हतं येत? आता या मोमेंटोचं मी काय करू?”

लोक हसले. दीपाचे कान तापले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, तिला वाटलं, आणि तेही पदरचं भाडं खर्चून पुण्याहून येऊन. सर सांगत होते ती एक ओळ किती स्वस्त होती. तिने पहिल्या रांगेकडे पाहायचं टाळलं.

मागून काठी आपटल्याचा आवाज आला. फुलचंदकाका उठून उभे राहिले होते. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून ते सगळ्यांशी गल्लीच्या दुसऱ्या टोकाशी बोलल्यासारखं बोलायचे.

“बापावर गेली हे पोट्टी,” ते म्हणाले. “हुबेहूब. बापानं बी असंच, ऐन कामाच्या टायमाले, हवा नाही म्हणून आमाले वरतं आणलं होतं. म्या लय शिव्या देल्ल्या त्याले. अठरा वर्षं झाले, अजून देतो.”

पुन्हा हशा पिकला. फुलचंदकाका बसले नाहीत. हसू ओसरेपर्यंत ते काठीला धरून तसेच उभे राहिले.

“सात जण होतो आमी,” ते म्हणाले. “सातही जण हावो अजून.”

आणि बसले. यावेळी कोणी हसलं नाही. डोमाजी समोर पाहत होते. जयाताईंनी नाक ओढलं, माइक ओढला, आणि आता अल्पोपहार होईल असं जाहीर केलं.

दुपारी घरी लाइट होती, हे विशेष. दीपाने सात मुद्द्यांचं उत्तर पुसून टाकलं. सरांची ओळही पुसली. पेपराचं शीर्षक बदललं. मग नव्याने लिहायला बसली. डोमाजी खुर्ची घेऊन तिच्या मागे येऊन बसले. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी ते पडद्याकडे पाहत होते. दीपाला मागे कोणी बसून पाहिलेलं अजिबात खपत नाही. आजही खपत नव्हतं, पण ती टाइप करत राहिली.

“काय लिवलं?” अखेर त्यांनी विचारलंच.

“परीक्षकाचं बरोबर हाय, असं लिवलं.”

“माहा जयभीम कळव त्याले.”

“बाबा, त्याचं नाव बी माहीत नाही मले.”

“बरं. आन् पुढं?”

दीपाने त्यांच्यासाठी मराठी करून वाचलं. “पृष्ठभाग भुकटीचा असल्यास हवेशिवायही हेच तापमान मिळते. त्यामुळे या ग्रहावर हवा आहे किंवा नाही, हे आमच्या मोजणीवरून सांगता येत नाही.”

डोमाजींनी ते मनाशी एकदा घोळवलं. दीपा वाट पाहत राहिली, आता काय खुसपट काढतात याची. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण गेलं होतं, निदान सहा महिने वाढले होते, आणि कपाटावर कोणाच्याच कामाचा नसलेला एक काचेचा मोमेंटो पडला होता. वर आणखी एक शंका आली असती तर ती खरंच घर सोडून गेली असती.

पण डोमाजींनी शंका काढली नाही. त्यांनी बोट पुढे करून पडद्यावरच्या शेवटच्या वाक्याखालची रिकामी जागा दाखवली.

“सही कर,” ते म्हणाले.